नानांची गोफण

ज्वारीच्या कणसात चीक भरला की राखण सुरू होते. आमच्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ती पौषात सुरू व्हायची आणि ज्वारी खळ्यावर येईपर्यंत चालायची. हे रान भारी. आमच्याकडं पाऊस थोडका, पण जो पडतो तो ही माती पोटात धरून ठेवते. त्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर मालदांडी पिकते. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. पण तिची चव सरकारच्या आधी पाखरांना कळली होती.

प्रत्येक पाखराची खायची तऱ्हा निराळी. चिमण्या थव्यानं येतात, कणसाला लोंबकळतात आणि दाणा दाणा टिपतात. पोपट अख्खं कणीस तोडून बाभळीवर नेतो, चार दाणे खातो, उरलेलं खाली टाकतो आणि दुसरं तोडायला येतो. त्याचं खाणं कमी, नासणं जास्त. होला बिचारा खाली सांडलेलं वेचतो, त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नसते. कावळ्याचं मात्र वेगळं आहे. कावळा आधी माणूस बघतो, मग कणीस.

राखणीसाठी रानाच्या मधोमध चार मेढी रोवून माळा बांधायचा. त्यावर उभं राहून ‘हाऽऽ हो’ करायचं, पत्र्याचा डबा बडवायचा आणि गोफण फिरवायची. दिवस उगवायच्या आत माळ्यावर पोचावं लागे, कारण पाखरांची पहिली न्याहारी दिवसाबरोबर असते. दुपारी ती जरा सावलीला बसतात आणि तिसऱ्या प्रहरी परत उतरतात. म्हणजे माणसानं जेवायचं तेव्हाच पाखरं विसावा घेणार, आणि माणसाचा डोळा लागायच्या वेळेला ती जागी होणार. ही वेळ पाखरांनी ठरवली की आम्ही, कुणास ठाऊक.

आमचे आबा, म्हणजे आजोबा, यांचा बुजगावण्यावर फार विश्वास. दरसाली ते मनापासून बुजगावणं करत. आडवी-उभी काठी, त्यात कडबा, वर मडकं, मडक्याला चुन्याचे डोळे. एका साली त्यांनी स्वतःची जुनी बंडी आणि पटका त्याला घातला. लांबून बघितलं तर हुबेहूब आबाच. पहिला दिवस पाखरं बाभळीवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी एक कावळा आला, बुजगावण्यापासून कासराभर अंतरावर उतरला आणि मान तिरकी करून बघत बसला. आणखी थोडा पुढं आला, परत बसला. तिसऱ्या दिवशी तो बुजगावण्याच्या पटक्यावर बसून चोच पुसत होता आणि खाली चिमण्यांची पंगत बसली होती.

आबांना हे फार लागलं. ते म्हणाले, “थांबा, आता त्येंची गंमत करतो.” दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच त्यांनी बुजगावणं उपटून आडवं केलं, तीच बंडी नि तोच पटका अंगावर चढवला आणि हात पसरून त्याच जागी उभे राहिले. पाखरं पंगतीला उतरली की एकदम ओरडायचं आणि त्यांना कायमची दहशत बसवायची, असा बेत. आम्ही पोरं माळ्याखाली तोंड दाबून बसलो होतो. दिवस वर आला. पाखरं आली, बाभळीवर बसली. एकही खाली उतरलं नाही. आबा हलले नाहीत, खोकले नाहीत, अंगावर माशी बसली तरी हात आडवा तो आडवाच. पाखरंही बसून राहिली. शेवटी दिवस कासराभर वर आल्यावर आबांच्या हातांना कळ लागली. ते पाणी प्यायला विहिरीकडं वळले आणि त्यांची पाठ फिरली न फिरली तोच सगळा थवा रानात.

घरी आल्यावर आबा म्हणाले, “बुजगावणं कुठलं नि मी कुठला, हे त्या पाखरास्नी कळतंय. तुमच्या आजीला अजून कळंना.”

आजी चुलीपुढनं म्हणाली, “मला बी कळतंय. बुजगावणं च्या मागत न्हाई.”

पाखरानं सरकारी माणसाला फिरवलेलंही मी बघितलंय. आमचा नि शेजाऱ्याचा दोन तासांच्या बांधावरून वाद होता. तास म्हणजे नांगराचं तास. दोन्ही घरची माणसं त्यापायी एकमेकांच्या लग्नाला जात नव्हती. अखेर मोजणी मागवली आणि ऐन उन्हाळ्यात मोजणीदार साखळी घेऊन आला. नेमकी त्या बांधावर टिटवीनं चार अंडी घातली होती. टिटवी घरटं असं बांधतच नाही. खड्यांत जरा खळगा करते आणि अंडी ठेवते. अंड्यांचा रंगही मातीचा, पायाखाली आली तरी दिसत नाहीत.

साखळी बांधाला लागली तशी टिटवीची जोडी उठली. ‘टिटिव् टिटिव्’ करून नुसता आकांत. एक पाखरू वरून असं झेपावलं की मोजणीदाराची टोपी पडायची राहिली. भला माणूस, म्हणाला, “अंडी कुठं आहेत ते दाखवा, मी जपून चालतो.” तेवढ्यात दुसरी टिटवी लांब पडीक रानात जाऊन जमिनीवर अशी बैठक मारून बसली की बघणाऱ्याला वाटावं, अंडी तिच्या पोटाखालीच आहेत. मोजणीदार तिकडं गेला. ती उठली. तिथं काही नव्हतं. ती आणखी पुढं जाऊन तशीच बसली. मोजणीदार, शेजारी, आमचे वडील आणि निम्मं गाव तिच्यामागं पडीक रान हिंडलं. आबा तेवढे बांधावरच चंची सोडून पान लावत बसले होते. अंडी त्यांच्या पायापासून हातभर लांब होती आणि त्यांना ती दिसत होती. ते काही बोलले नाहीत.

ऊन तापलं तसा मोजणीदार म्हणाला, “पुढच्या तारखेला बघू.” ती तारीख पुढं वर्षानं आली. गावात कुणी विचारलं, मोजणीचं काय झालं, तर आबा सांगत, “टिटवीनं स्टे आणलाय.”

पण आबांचं बुजगावणं काय नि टिटवीचा स्टे काय, हे किरकोळ. खरा सामना असायचा तो कावळ्यांचा आणि नानांचा. नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. त्यांच्यासारखी गोफण आमच्या शिवारात कुणाची नव्हती. गोफण ते स्वतः विणायचे, अंबाडीच्या वाखाची. गोफणगुंडे ओढ्यातून निवडून आणायचे, लिंबाएवढे, सारख्या वजनाचे. गोफण डोक्यावर दोनदा फिरली आणि एक दोरी सुटली की ‘फट्’ असा आवाज व्हायचा आणि गुंडा जिथं पाहिजे तिथंच पडायचा. पाखराला मारायचं नाही, त्याच्या शेजारी पाडायचा, ही त्यांची रीत. “मारलं तर ते मरतं. शेजारी पडला तर ते धा जणांस्नी सांगतं,” असं ते म्हणत.

आणि कावळे खरंच दहा जणांना सांगत. नानांची गोफण कुठवर पोचते, हे कावळ्यांना आमच्यापेक्षा बरोबर ठाऊक. त्या अंतराच्या पलीकडं चार पावलांवर एक चिलार होती, तिच्यावर ओळीनं बसायचे. नाना माळ्यावरून उतरून चार पावलं पुढं आले की कावळे चार पावलं मागं. माझी आई खुरपायला वाकली तर कावळा ढिम्म हलत नसे. नाना वाकले की सगळे उडाले. नाना चप्पल नीट करायला वाकले तरी उडाले. मी त्यांची गोफण घेऊन उभा राहिलो तर कावळे एकदा बघायचे आणि खात राहायचे.

याचा सूडही कावळे घ्यायचे. नानांची भाकरी फडक्यात बांधून बाभळीच्या फांदीला अडकवलेली असायची. एका दुपारी एक कावळा नानांच्या समोर बांधावर येऊन बसला. एवढ्या जवळ कावळा कधी येत नसे. नाना गोफण घेऊन हळूहळू त्याच्याकडं सरकले. तो दोन उड्या मागं गेला. नाना पुढं. तो परत दोन उड्या मागं. असं त्यानं नानांना अर्ध्या रानापर्यंत नेलं. तेवढ्यात मागं बाभळीवर दुसऱ्यानं फडक्याचं टोक ओढून गाठ सैल केली, भाकरी खाली पाडली आणि दोघा-तिघांनी ती फस्त केली. मिरचीचा ठेचा तेवढा शिल्लक होता. नाना संध्याकाळपर्यंत ठेचा आणि पाण्यावर राहिले आणि रात्री घरी येऊन म्हणाले, “गडी हुशार हायत.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. तालमीत चांगला जोडीदार मिळाला की पैलवान बोलतो, तसं ते बोलले.

मग १९७२ चा दुष्काळ आला. पाऊस गेलाच. ज्या रानात आषाढ-श्रावणात पाय रुतायचा तिथं भेगांत हात जात होता. गुरं गेली, माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. कामावर सुकडी मिळायची. सुकडीची वेळ झाली हे मुकादमाच्या शिट्टीआधी कावळ्यांना कळायचं. ते खडीच्या ढिगावर येऊन बसले की बायका हातोडा खाली ठेवायच्या. रेशनला अमेरिकेतून आलेला मिलो मिळायचा, लाल ज्वारी. त्याची भाकरी घशाखाली उतरायची नाही. आमची मालदांडी खाल्लेल्या माणसाला तर ती शिक्षाच.

आमची विहीर तळाला गेली होती. तरी आबांनी हट्टानं विहिरीच्या कडेला दहा-बारा गुंठे ज्वारी पेरली आणि घरातल्या सगळ्यांनी घागरींनी पाणी घालून ती जगवली. सगळ्या शिवारात हिरवा तुकडा तेवढाच. त्यामुळं सगळ्या शिवाराची पाखरं तिथंच. नाना त्या हिवाळ्यात घरी असे आलेच नाहीत. उठले की गोफण, बसले की गोफण. कावळे तर जिवावर उदार झाले होते, कारण त्यांनाही दुसरीकडं काही नव्हतं. तेव्हा नानांनी आपली रीत मोडली आणि दोन-तीन कावळे खरोखर पाडले. मेलेला कावळा माळ्यापुढं काठीला टांगून ठेवला. त्याभोवती शंभरभर कावळे जमून एवढे ओरडले की गावात ऐकू आलं.

दीड पोतं ज्वारी झाली. घरात नऊ माणसं. आबांनी त्यातली निवडक कणसं बाजूला काढली, हातानं मळून दाणे केले, राख आणि कडुलिंबाचा पाला घालून एका मडक्यात भरले आणि मडक्याचं तोंड शेणमातीनं लिंपलं. म्हणाले, “हे बियाणं. काय बी झालं तरी ह्येला हात लावायचा न्हाई.” बाकीची ज्वारी फाल्गुनात संपली. मडकं उतरंडीच्या तळाशी होतं. आम्ही पोरं मिलोची भाकरी खाताना त्या मडक्याकडं बघत असू.

चैत्रात आबा गेले. वय झालं होतं, आणि त्या साली म्हातारी माणसं पानासारखी गळाली. दहाव्याचा प्रश्न आला. पाहुणे येणार, त्यांच्यापुढं मिलो कसा वाढायचा? नाना म्हणत होते, मडकं फोडायचं. आबांनी पिकवलेली ज्वारी आबांच्याच दहाव्याला नको, तर मग कधी पाहिजे? माझे वडील म्हणत होते, बियाणं खाल्लं तर पाऊस पडून करायचं काय? दोघं भाऊ दोन रात्री भांडले. आजीनं एका शब्दानं कुणाची बाजू घेतली नाही.

दहाव्याला आम्ही माण नदीच्या पात्रात गेलो. नदीत पाणी नव्हतं, नुसती वाळू. झरा खोदून तांब्याभर पाणी काढलं. रेशनच्या तांदळाचे पिंड केले, पानावर मिलोची भाकरी, तंबाखूची चिमूट आणि चहाची कपबशी ठेवली आणि सगळी मागं सरली. कावळे भरपूर होते. पलीकडच्या काठावर करंजावर बसलेले, चाळीस-पन्नास तरी. दुष्काळात भाताचा पिंड म्हणजे त्यांना मेजवानी. पण एकही येईना.

तासभर गेला. माणसं आबांची इच्छा शोधायला लागली. वडील पुढं झाले, हात जोडून म्हणाले, “आईला अंतर देणार न्हाई.” कावळे जागचे हलले नाहीत. शेजारी आला होता, बांधाच्या वादातला. त्याच्याही मनाला लागलं असावं. तो म्हणाला, “आबा, बांध तुमचाच. मी दोन तास मागं सरतो.” माणसं चकित झाली, कावळे नाही झाले. मग नाना पुढं आले. डोळे भरलेले. म्हणाले, “आबा, तुमच्या ज्वारीवर तुमचा जीव हाय. मडकं फोडतो. तेराव्याला सगळ्यास्नी तुमच्या ज्वारीची भाकरी घालतो.” ते असं म्हणाले आणि करंजावरचे सगळे कावळे एकदम उडाले आणि आणखी लांब जाऊन बसले.

माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. भटजी म्हणाले, “ऊन चढलं. दर्भाचा कावळा करू.” आजी इतका वेळ वाळूत बसून होती. ती म्हणाली, “गवताचा कावळा नगं.” आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.

त्याच वेळी आमच्या आळीतला म्हातारा सुतार नानांच्या जवळ गेला. मी शेजारीच होतो, म्हणून मला ऐकू आलं. तो म्हणाला, “अरं पोरा, तू हितं हुबा हायस तवर ते कशाला येत्यात? तू त्या बाभळीमागं हो बरं जरा.” नानांच्या लक्षात आलं. ते मान खाली घालून निघाले.

इकडं आजी पानापुढं उभी राहिली आणि आबा समोर बसल्यासारखं बोलली, “मडकं कुणी फोडणार न्हाई. मी हाय. पाऊस झाला की तुमचं बियाणं तुमच्या रानात पडंल. जावा आता.”

आजीचं बोलणं संपणं आणि नाना बाभळीआड जाणं एकच झालं. वरून एक कावळा सरळ पिंडावर उतरला. त्याच्यामागं सगळेच. पिंड बघता बघता संपले. एकानं मिलोची भाकरी चोचीनं उचलली, उलटी करून बघितली आणि तशीच टाकून दिली. दहाव्याच्या जागी हसू नये, पण त्या दिवशी सगळी हसली. आजीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली.

पुढं कितीतरी वर्षं गावात ह्या गोष्टीवरून दोन पक्ष होते. बायका आणि भटजी यांचं म्हणणं, आबांचा जीव बियाण्यात अडकला होता, म्हातारीनं शब्द दिला म्हणून कावळा शिवला. सुतार आणि तालमीतली पोरं यांचं म्हणणं, कावळ्यांना नाना दिसत होते, नाना आड गेले म्हणून कावळे आले. पाराखाली हा वाद निघाला की दोन-दोन चहा व्हायचे. नाना स्वतः मात्र कुणाच्याच बाजूनं बोलत नसत. एवढंच म्हणत, “दोन्ही बी खरं आसंल की.” तेराव्याला पाहुण्यांनी मिलोच खाल्ला आणि कुणी नाव ठेवलं नाही.

१९७३ साली पाऊस चांगला झाला. हस्तात आजीनं स्वतः मडक्याचं लिंपण फोडलं. दाणा किडला नव्हता. गावात बियाण्याची पंचाईत होती. आमच्या मडक्यातलं पसाभर पसाभर करून पाच-सहा घरी गेलं, त्यात बांधाच्या शेजाऱ्याचंही घर होतं. त्यानं दिलेला शब्द पाळला आणि दोन तास सरला. अर्धं तास आमच्या वडिलांनी त्याला परत दिलं.

मला वाटायचं, कावळा माणसाचा चेहरा लक्षात ठेवतो ही आपली गावाकडची समजूत असेल. पण माझ्या नातवानं मागं मोबाइलवर एक वाचून दाखवलं. अमेरिकेत सिएटल शहरात जॉन मार्झलफ म्हणून प्राध्यापक आहेत. २००६ साली त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी रानटी माणसाचा मुखवटा घालून विद्यापीठाच्या आवारात काही कावळे पकडले, पायात कड्या घातल्या आणि सोडून दिले. त्यानंतर तो मुखवटा घालून कुणीही फिरलं की कावळे कलकलाट करून अंगावर यायचे. दुसरा मुखवटा घातला तर लक्ष देत नसत. आणि नवल म्हणजे, ज्या कावळ्यांना कधी पकडलंच नव्हतं तेही पुढं त्या मुखवट्यावर ओरडायला लागले. आईबापांकडून पिलांना आणि एकाकडून दुसऱ्याला ही ओळख पोचत गेली. तिकडचा कावळा वेगळा, सगळा काळा. आपल्या गावकावळ्याची मान राखाडी असते. पण स्वभाव तोच म्हणायचा. मी नातवाला म्हटलं, “ह्यासाठी त्यांनी मुखवटा केला. आमच्या सुतारानं नुसतं नानांना बाभळीआड घातलं.”

आता शिवार बदललं. उजनीचं पाणी जिथं फिरलं तिथं ऊस आला, बाकी ठिकाणी डाळिंब. ज्वारी आहे, पण राखणीला माणूस मिळत नाही. मजुरी द्यायची तर ज्वारीचे पैसे त्यातच जातात. कुणी चकाकत्या फिती बांधतं, कुणी जाळी टाकतं. आमच्या खालच्या अंगाच्या बागायतदारानं पाखरं हाकलायचं यंत्र आणलं. कर्ण्यातून ससाण्याचा आवाज यायचा, दर पाच मिनिटांनी. चार दिवस शिवारात एक पाखरू दिसलं नाही. सगळे यंत्राची किंमत विचारायला लागले. आठव्या दिवशी एक साळुंकी त्याच कर्ण्यावर बसून पंख साफ करत होती. आत ससाणा ओरडत होता, वर ती मान वळवून त्याचा सूर धरायला बघत होती. नाना तेव्हा सत्तरीच्या पुढं होते. काठी टेकत बघायला गेले आणि म्हणाले, “नुसता आवाज हाय. त्येच्या मागं हात न्हाई.”

शेवटच्या दोन वर्षांपर्यंत नाना पौषात माळ्यावर बसत होते. गुंडा पहिल्यासारखा लांब जात नव्हता. कावळेही पहिल्यापेक्षा जवळ बसायला लागले होते. अंतर त्यांनी आपल्या आपण कमी करून घेतलं होतं. नाना बघून म्हणायचे, “माझं वय ह्येंनी बरूबर वळखलंय.”

करोनाच्या आधीच्या वर्षी नाना गेले. दहाव्याला आम्ही माण नदीच्या काठी पान ठेवलं. चुलतीनं नानांच्या आवडीचं सगळं आणलं होतं. गुळाचा चहा, ठेचा, मालदांडीची भाकरी. आणि पानाशेजारी तिनं खुंटीवरची गोफणही आणून ठेवली. कावळे समोरच होते, पण पाव तास झाला तरी एकही जागचा हलला नाही. माझ्या चुलतभावाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, रानाच्या वाटणीचं बोलू का? कर्जाचं बोलू का? नानांची इच्छा काय राहिली असेल?

त्या म्हाताऱ्या सुताराचा मुलगा तिथं होता. आता तोही म्हातारा. तो हसून म्हणाला, “इच्छा बिच्छा काय न्हाई. काकी, ती गोफण उचला.”

चुलतीनं गोफण उचलून पदराखाली धरली. दहा पावलं मागं येईतोवर कावळे पानावर होते. त्यांनी पिंड खाल्ला, भाकरी खाल्ली आणि ठेचा तसाच ठेवला.

चुलती रडत होती, पण मधेच म्हणाली, “माणूस गेला तरी भ्यात्यात बघा.”

ती गोफण तिनं मला दिली. मी अजून चार एकर मालदांडी करतो. पौष लागला की गोफण खांद्यावर टाकून रानात जातो. पहिल्या दिवशी कावळे चिलारीपलीकडं बसले, मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी एक अलीकडं येऊन मान तिरकी करून बघत बसला. मी गुंडा घातला, गोफण फिरवली आणि सोडली. गुंडा माझ्याच मागं पडला. कावळ्यानं तो पडला तिकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि कणसावर जाऊन बसला.